कारण : पोटदुखी

आपल्या भावानं जीव दिला हे रुद्राणीबाईंना एसटीत कळलं, तेही मागच्या बाकावरच्या दोन अनोळखी माणसांकडून.

नांदेडला तार आली होती ती 'अण्णा वारले, निघून या' एवढीच. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बाई लातूरला पोचल्या आणि तिथून मुरुडची गाडी धरली. ते शहाऐंशीचं साल. वाटेत सगळीकडं दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, टँकरमागं पळणाऱ्या बाया. मागचे दोघं असल्याच कामावरचे मुकादम असावेत. तंबाखू मळता मळता बोलत होते.

"मुरुडचे अर्जनवीस अप्पा गेले म्हणं."

"गेले कुठले. जीव दिला की."

"या वयात? एकाहत्तरीच्या माणसाला कसली घाई? दोन-चार सालात आपसूक गेलाच असता."

"पोट दुखायचं म्हणं लई."

आणि दोघं हसले. फार नाही, नाकातल्या नाकात.

बाईंनी मान वळवली. तीस वर्षं ज्या नजरेनं चौथीचा वर्ग गप्प केला होता त्याच नजरेनं त्यांनी दोघांकडं पाहिलं.

"तुमचं दुखतं का कधी पोट?"

"कधीमधी," त्यातला एक गोंधळून म्हणाला.

"मग जपा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडं वळल्या. मुरुड येईपर्यंत मागून आवाज आला नाही.

रुद्राणीबाई बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, शिकल्या, मास्तरीण झाल्या, हेडमास्तरीण होऊन नांदेडात निवृत्त झाल्या. या सगळ्यात त्यांना कुणी हात दिला नव्हता, आणि त्यामुळं रडणाऱ्या माणसाची त्यांना किळस यायची. जीव देणाऱ्याची तर जास्तच. शाळेत असताना पेपरात तसली बातमी आली की त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणायच्या, "पळपुटे. गृहपाठ झाला नाही म्हणून शाळा बुडवणारं पोर आणि हे, दोन्ही एकाच माळेचे." आता त्यांचा थोरला भाऊ त्याच माळेत जाऊन बसला होता. स्टँडपासून घरापर्यंत चालताना त्यांना दुःख होत नव्हतं. संताप होत होता. 'अण्णा, तू सुद्धा?' एवढंच डोक्यात घोळत होतं.

अण्णाला, म्हणजे गावाच्या चन्नबसप्पा अप्पांना, शेतात बसवून, समाधी देऊन तीन दिवस झाले होते. घरात माणसं होती. अण्णाचा मुलगा सिद्धलिंग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होता. त्याचं बाजारात किराण्याचं दुकान, ते बंद होतं. सून महानंदा चहाला पाणी कुठून आणावं या विवंचनेत होती, कारण टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि लोक तर रोज येत होते. वैनी, म्हणजे गौरम्मा, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रुद्राणीबाई जवळ जाऊन बसल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

भेटायला येणाऱ्यांचा तमाशा बाईंनी दोन दिवस मुकाट्यानं पाहिला. येणारा आधी टोपी काढून गंभीर व्हायचा, मग हळूच सिद्धलिंगकडं सरकायचा. कुठं? किती वाजता? पहिल्यांदा कुणी पाहिलं? एकानं तर ती जागा बघायला मागितली. चहा पिऊन, मिशा पुसून, "वाईट झालं, देवमाणूस होता," असं म्हणून जायचा. का, हे एकानंही विचारलं नाही. त्याचं उत्तर सगळ्यांकडं तयार होतं. पोटदुखी.

बाई आल्यावर तिसऱ्या दिवशी किशनराव आले. लातूर जिल्हा व्हावा म्हणून ज्यांनी सभा गाजवल्या त्यांच्यातले ते गावचे पुढारी. मोठ्या अभिमानानं ते म्हणाले, "बाई, तुम्हाला ठावं हाय का? जिल्ह्याच्या मागणीचा आमच्या गावचा पहिला कागद अप्पांच्या हातचा. काय अक्षर, काय मजकूर. वाचणारा अधिकारी उठून उभा राहिला असेल."

"आणि जिल्हा झाल्यावर?" बाईंनी विचारलं.

"झाल्यावर काय, पेढे वाटले की."

"झाल्यावर तुम्ही अण्णाकडं कितीदा आलात?"

किशनरावांनी कप खाली ठेवला. "नवा जिल्हा, बाई. कामं लई वाढली."

"हो. तुमची वाढली."

बाईंना कळलं होतं ते एवढंच. पस्तीस वर्षं चन्नबसप्पा सकाळच्या पहिल्या गाडीनं उस्मानाबादला जायचे. कलेक्टर कचेरीसमोर लिंबाखाली त्यांची जागा होती. सातबारा असो, वारसाची नोंद असो, निजामाच्या काळातला उर्दू कागद असो, माणूस अप्पांपाशी आला की त्याचा अर्ज सरळ योग्य टेबलावर जायचा. कुठला कारकून कधी जागेवर असतो, कुणाला कसं बोलावं, सगळं त्यांना तोंडपाठ. मग ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. त्याच स्टँडवरून लोक उलट्या बाजूच्या गाडीत बसू लागले. अप्पांच्या डोक्यात भरलेलं उस्मानाबाद एका दिवसात रद्दी झालं, आणि ते व्हावं म्हणून पहिला कागद त्यांनीच लिहिला होता.

"लातूरला न्हाई का गेला?" बाईंनी सिद्धलिंगला विचारलं.

"गेले होते की आत्या. महिनाभर. तिथं टाइपरायटरवाले बसलेत, सगळी पोरं. अप्पांना म्हणाले, बाबा, सावलीत बसायचं तर बसा. मग जायचं सोडलं. मीच म्हणलो, आता आराम करा."

"आराम करा," बाईंनी त्याचेच शब्द परत केले. "आणि तो काय म्हणाला?"

"काही न्हाई. हाव म्हणाले."

चौथ्या दिवशी बाई पोलीस चौकीवर गेल्या. लिंबाजी जमादारानं पंचनामा केला होता. त्यानं खुर्ची पुसून दिली, कारण बाईंना खुर्ची न देणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा होता. बाईंनी कागद मागितला, त्यानं आढेवेढे घेत दाखवला. 'सदर इसम हा पोटदुखीच्या त्रासास कंटाळून.' बाईंनी वाक्य दोनदा वाचलं.

"पोटदुखी कुणी सांगितली तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे बाई. लिहावं लागतं."

"अण्णाला पोटदुखी नव्हती. दगड पचवायचा तो."

लिंबाजीनं इकडंतिकडं पाहिलं. मग सरळ बोलला, त्याबद्दल बाईंनी मनातल्या मनात त्याला दोन गुण दिले. "म्हाताऱ्या माणसाचं असलं की आम्ही पोटदुखीच लिव्हतो. घरच्यांवर बालंट येत न्हाई, कागद लवकर सुटतो. जवान पोरगी असली तर दहा जण विचारतेत. म्हाताऱ्याला कोण विचारतंय? या साली आपल्या हद्दीतलं हे चौथं."

"चौघंही म्हातारे?"

"साठीच्या वरचे. दोघी बाया."

"आणि चौघांचं पोट एकाच साली दुखायला लागलं."

"बाई, आता माझं तोंड कशाला उघडवता."

"तुमचं उघडून उपयोग नाही. ते जित्तेपणी त्यांचं कुणीतरी उघडवायला पाहिजे होतं." कागद बदलून द्या म्हणून बाईंनी तिथंच बसून अर्ज लिहिला. लिंबाजीनं तो घेतला, फायलीत लावला. कागद बदलला नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. आजही तिथं पोटदुखीच आहे.

घरी येऊन बाईंनी महानंदाला समोर बसवलं. बाईंच्या मनात गुन्हेगार ठरून गेला होता. शेजारणीनं कानात सांगितलं होतं की सून सासऱ्याला पाणी मोजून द्यायची.

"खरं हाय का?"

महानंदा रडली नाही. तिचे ओठ पाणी कमी पिऊन फुटले होते. "हाव आत्याबाई, मोजायची. सगळ्यांनाच मोजायची. दोन पिपं, तीन दिवस, सात माणसं, तुम्हीच सांगा. पण मामंजींना मी एक बादली न्हाणीत ठेवायची. ते वापरायचे न्हाईत. पोरांना आंघोळ घाल म्हणायचे. मला वाटलं, समजूतदार हाईत."

"आणि पूजा?"

त्या घरात आंघोळीवाचून कुणी इष्टलिंग हातावर घेत नसे. ज्याची आंघोळ सुटली त्याची पूजा सुटली, हे लिंगायताच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सहा-सात वर्षांचा असल्यापासून ज्यानं एक दिवस चुकवला नाही, तो माणूस फाल्गुनापासून पूजेला बसत नव्हता, आणि सात माणसांच्या घरात ते कुणालाच दिसलं नाही. दिसलं असेल तर समजूतदारपणात धरलं गेलं.

बाई तिरस्कारानं काहीतरी बोलणार होत्या. शब्द जिभेवर आला होता. पण महानंदाच त्यांच्याकडं पाहून म्हणाली, "चैत्रात ते तुमच्याकडं नांदेडला आले होते न्हवं आत्याबाई? दोन दिवस राहिले. तुम्हाला काय बोलले?"

बाई उठून ओट्यावर गेल्या.

आला होता अण्णा. कधी न येणारा माणूस, काही काम नसताना आला होता. आईची विभूतीची डबी घेऊन आला, म्हणाला, "तुझ्याकडं असू दे." बाई म्हणाल्या होत्या, "माझं घर अडगळीची खोली हाय का?" तरी त्यानं हसून ती फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाला, "रुद्रे, झोप लागत न्हाई बघ. पहाटे तीनला टक्क जाग येते. मग वाटतं, कशाला उठायचं." आणि बाईंनी, ज्यांनी हजार पोरांची तोंडं वाचली होती, ताटात वाढता वाढता उत्तर दिलं, "दिवसभर लोळल्यावर रात्री कशी लागेल? माझ्यासारखं चार मैल चाल. रडगाणी गाऊ नको."

तो पुन्हा हसला होता. "हाव," म्हणाला होता. सिद्धलिंगला म्हणाला तसाच.

ओट्यावर बसून बाईंनी आतापर्यंत ज्यांचा ज्यांचा तिरस्कार केला होता ती सगळी माणसं एकेक करून आठवली. एसटीतले मुकादम, टोपी काढून जागा बघायला मागणारा, किशनराव, भाचा, सून. त्यातल्या कुणालाही अण्णानं तोंड उघडून सांगितलं नव्हतं. ज्या एका माणसाकडं तो दीडशेवर किलोमीटर एसटीत बसून सांगायला गेला, तिनं त्याला चार मैल चालायला सांगितलं. लिंबाजीनं निदान मेल्यावर पोटदुखी लिहिली. बाईंनी जित्तेपणी 'आळशी' असा शेरा मारून पाटी परत केली होती. स्वतःबद्दल इतकी घृणा त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि घृणा करायची त्यांना सवय असल्यामुळं ती त्यांनी पुरेपूर केली.

अण्णा गेल्याच्या नवव्या दिवशी गणाराधना झाली. जंगम जेवून गेले, माणसं पांगली. गौरम्मा एवढे दिवस बोलल्या नव्हत्या, त्या दुपारी अचानक उठल्या. तोंड धुतलं, केस विंचरले. महानंदाला बरं वाटलं. म्हणाली, "अव्वा आज जरा माणसात आल्या."

गौरम्मांनी रुद्राणीबाईंना आत बोलावलं आणि ट्रंक उघडली. "वन्सं, ही इरकल तुम्हाला. ही महानंदाला. पाटल्या नातीच्या लग्नाला ठेवायच्या, सिद्धलिंगला सांगून ठेवलंय. देवाचं सगळं महानंदाला कळतं आता. माझं इथं काही अडत न्हाई." आणि त्या हसल्या.

ते हसू बाईंनी ओळखलं. नांदेडच्या घरात, ताटावर बसलेल्या भावाच्या तोंडावर त्यांनी ते पाहिलं होतं आणि बरं वाटलंय असं समजून भात वाढला होता.

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावरच बसल्या. विचारावं की नाही? विचारलं आणि नसलेलं मनात भरलं तर? पण न विचारता काय होतं ते शेतात पुरलेलं होतं.

"वैनी, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात हाय का?"

गौरम्मा कितीतरी वेळ पदराची दशी पिळत राहिल्या. बाहेर टँकरचा भोंगा वाजला, बाया घागरी घेऊन पळाल्या, भांडणं सुरू झाली. महानंदाची हाकही आली. रुद्राणीबाई हलल्या नाहीत.

"हाव," गौरम्मा म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ते गेले तेव्हापासून." मग थांबून म्हणाल्या, "न्हाई. आधीपासून. दोघंही पहाटे जागेच असायचो. एकमेकाला झोपलेलं समजून पडून राहायचो." मग दाराकडं बघत म्हणाल्या, "वन्सं, पन्नास वर्षं दारातून बाहेर पडताना 'येतो' म्हणायचे. उस्मानाबादला जाताना, रानात जाताना, परसाकडं जातानाबी. या वेळी म्हणाले न्हाईत. मला का न्हाई सांगितलं? मी काय आडवलं असतं?"

"आडवलं असतंत."

"हाव. आडवलं असतं."

तेव्हा त्या रडल्या. रडणाऱ्या माणसाजवळ बसायची रुद्राणीबाईंना सवय नव्हती. ते त्यांना चांगलं जमलंही नाही. पाठीवर हात ठेवला तो फळ्यावर ठेवल्यासारखा. पण उठल्या नाहीत, गप्प बस म्हणाल्या नाहीत, आणि चालायला जा म्हणून तर मुळीच सांगितलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं की काय करायचं ठरवलं होतं. गौरम्मांनी सांगितलं. ते जे काही होतं ते बाईंनी तासाभरात सिद्धलिंगकडून घराबाहेर काढवलं.

बाईंनी दवाखान्याचं नाव काढताच सिद्धलिंग म्हणाला, "आत्या, उद्या वेड्यांच्या डॉक्टरकडं नेलं आणि गावाला कळलं तर?"

"कळल्यावर गाव काय करील? लिहून ठेवील, हिचंबी पोट दुखतंय. तू गाडीचं बघ."

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा डॉक्टर होता. बाईंनी त्याला दारातूनच नापास केलं. शर्टाची एक गुंडी खालीवर, टेबलावर कागदांचा उकिरडा. पण त्यानं पहिला प्रश्न गौरम्मांना विचारला, बरोबरच्या माणसांना नाही. आणि उत्तर येईपर्यंत थांबला. गौरम्मांना एक वाक्य बोलायला दोन मिनिटं लागली, तेवढा वेळ तो नुसता बसून राहिला. त्यानं झोपेचं विचारलं, खाण्याचं विचारलं, पहाटेचं विचारलं. गोळ्या दिल्या, म्हणाला गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर एकटं ठेवू नका, घरातलं सगळं नजरेखाली राहू द्या, आणि दर पंधरा दिवसांनी या.

उठता उठता बाईंनी विचारलं, "मी तिला तोंडावर विचारलं. त्यानं मनात भरतं का?"

"न्हाई. मनात असेल तर माणूस जरा मोकळं होतं."

"माझ्या भावानं मला सांगितलं होतं, झोप लागत न्हाई. मी त्याला आळशी म्हणाले."

या तरुण डॉक्टरनं आता 'तुमचा दोष नाही' असलं काहीतरी गुळमुळीत बोललं असतं तर बाईंनी त्याला तिथंच सुनावलं असतं. तो बोलला नाही. प्रिस्क्रिप्शन पुढं सरकवत म्हणाला, "हे एकदा विचारून संपत न्हाई. विचारत राहा."

बाईंनी गौरम्मांना नांदेडला नेलं. सिद्धलिंगनं लोक काय म्हणतील म्हणून पाहिलं, महानंदानं मात्र स्वतः पिशवी भरली आणि आत गोळ्यांच्या वेळांची चिठ्ठी लिहून टाकली. अक्षर वाईट होतं. बाईंनी ते सुधारलं नाही.

नांदेडच्या दोन खोल्यांत दोन म्हाताऱ्या राहू लागल्या. पाणी तिथंही दिवसाआड यायचं, पण यायचं. पहिल्या बादलीनं गौरम्मा आंघोळ करायच्या आणि पूजेला बसायच्या, यावर बाईंनी चर्चाच होऊ दिली नाही. रोज सकाळी चहाचा कप पुढं ठेवून बाई विचारायच्या, "आज हाय का मनात?" हजेरी घेतात तशी. कधी "हाव" यायचं, कधी "थोडं", कधी नुसती मान. "हाव" आलं की बाई त्या दिवशी बाहेर पडायच्या नाहीत. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात जड व्हायचे. दोनदा गौरम्मांनी गोळी थुंकली. एकदा तर पूर्ण दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. तेव्हा बाई पंधरा दिवसांची वाट न पाहता त्यांना उचलून पुन्हा अंबाजोगाईला घेऊन गेल्या.

शेजारणी यायच्या. एकीनं हळूच विचारलं, "भावजयीला काय होतंय?"

"जगायचा कंटाळा आलाय," बाई म्हणाल्या.

शेजारीण दचकली. "असं कसं बोलता बाई?"

"मग कसं बोलायचं? पोट दुखतंय म्हणू?"

भाद्रपदात एके दिवशी दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. भाकरी रुद्राणीबाईंनी केली होती, नेहमीसारखीच, कडेला जाड आणि मधे कच्ची. गौरम्मांनी एक तुकडा मोडला, डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिला आणि ताटात टाकला.

"वन्सं, तीस वर्षं पोरं शिकवली म्हणता. तुम्हाला कुणी भाकरी थापायला शिकवलं न्हाई का? चार महिने झाले, हे चावत राहिले मी."

रुद्राणीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या आवाजात तिरस्कार होता, चांगला कडक, बाईंच्या स्वतःच्या तोडीचा.

"मग बोलला का न्हाईत इतके दिवस?"

"तुम्ही सकाळी एकच प्रश्न विचारता. भाकरीचं कुठं विचारता?"

बाई चुलीपुढून बाजूला सरकल्या. गौरम्मांनी पदर खोचला, परात ओढली, पिठात बोट बुडवून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "पाणी आणा. आणि गरम आणा, असलं गार न्हाई."